लेकीच्या मुठीची तळटीप

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, मी ऑनलाइन विश्वकोशात जाऊन बसलो. धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लोकांच्या लेखांना तळटिपा जोडत असतो. कुणी बिनसंदर्भाचं वाक्य ठोकून दिलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं.

आणि एका दुपारी माझ्याच वाक्यापुढे कुणीतरी कंसात खूण टाकली: 'कोण म्हणतात?'

लेख कानबाईवरचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीवरचा. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने गहू मोजतात. मी लिहिलं होतं, 'पारोळ्याकडच्या काही घरांत सासरी गेलेल्या लेकीचीही मूठ धरतात, असे म्हणतात.' हे बायकोने सांगितलेलं, तिच्या माहेरचं. संदर्भ मिळाला नाही तर वाक्य काढण्यात येईल, अशी सूचनाही होती. तिचं म्हणून त्या एवढ्या पसाऱ्यात तेवढं एकच वाक्य होतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

आठ दिवस वाचनालयं पालथी घातली. पारोळ्याला तिच्या भावजयीला फोन केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, पुस्तक कसाले जोये? मी सांगस ना." आता वहिनींना तळटिपेत कसं घालणार?

शेवटी एरंडोलच्या वाचनालयात एक जुनी स्मरणिका हाती लागली. वाक्य जसंच्या तसं, 'असे म्हणतात' सकट. काखेत कळसा अन् गावाला वळसा. लेखक म्हणून माझंच नाव. लिहिलेलं मी साफ विसरलो होतो.

मग आठवलं. ती स्मरणिका घरी आली तेव्हा तिने उभ्यानेच वाचली होती. म्हणाली, "कोन म्हंतस? तुमले मी सांगं ना."

"अगं, छापताना तसंच लिहायची रीत असते," मी हसून म्हणालो. ती गहू निवडायला बसली.

तळटीप जोडली. खूण गेली, वाक्य वाचलं. मग 'माहिती देणारी' म्हणून टिपेत तिचंही नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ते कुणीतरी काढलं. पडताळा होत नाही म्हणे. नियम बरोबर आहे, मीही काढलंच असतं. तरी त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली, आणि घर खायला उठलं.

वाक्य अजून आहे तिथे. कोण म्हणतात ते बघायला कुणी खाली गेलं, तर माझं नाव दिसतं.