वखारीच्या दारातली झडती

तंबाखूचा खकाणा नाकात गेला की मला निपाणीची ती वखार आठवते. मी तेव्हा अकरा वर्षांची, आईबरोबर तंबाखू निवडायला जायची. काम सुटलं की बायकांनी दाराशी रांग लावायची, आणि कुणी तंबाखू चोरलाय का म्हणून मुकादम प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवायचा. माना खाली घालून बायका सोसायच्या. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच मला पुढं बोलावलं. आई मधे आली. "माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय. झडती पायजे तर बाई ठेवा." "मग उद्यापास्नं येऊ नगंस," तो गुरकावला. "उद्याचं उद्या. आज मी हितनं हलत न्हाय," म्हणत आई दारातच बसली. मागची म्हातारी आक्का तिच्याशेजारी टेकली, मग एकेक करत सगळी रांग बसली. मालाच्या गाड्या आतच अडकल्या, तेव्हा मालक धावत आला. दुसऱ्या दिवसापासून झडतीला बाई आली. आईचं काम मात्र गेलं. चार दिवसांनी दुसऱ्या वखारीत गेल्यावर मजुरीच्याही आधी तिनं विचारलं, "हितं झडती कोण घेतंय?" आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे, पण असं सरळ विचारायला मी पहिल्या वखारीच्या त्या दारातच शिकले.