सगुणा पळाली नव्हती: मुक्तासोबत लोहगड

सिनेमा संपला तेव्हा अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि माझी अकरा वर्षांची भाची मुक्ता हाताची घडी घालून बसली होती.

"आत्या, ह्यांनी तिचा पाय बरा का केला?"

आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचलेलं मुलांचं एक पुस्तक आहे. त्यातली सगुणा गडाच्या पायथ्याशी शेळ्या राखते आणि जन्मापासून एक पाय ओढत चालते. शेळी हरवते, मोठी माणसं हात झटकतात, तेव्हा ही पोर गड चढते आणि तसाच पाय ओढत शेळी घेऊन खाली येते. सिनेमावाल्यांना एवढं पुरलं नाही. गडाच्या दारात कोवळं ऊन पडतं, व्हायोलिनं वाजतात, पाय खडखडीत बरा होतो आणि सगुणा पळत सुटते. मुक्ता चालायला लागल्यापासून तिच्या उजव्या पायाला ब्रेस आहे. ते पुस्तक तिच्या उशाशी असतं. तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर मला तिच्याहून जास्त आला.

शूटिंग लोहगडावर झालेलं. "मग मी तिथंच चढणार. पुस्तकातल्यासारखी," मुक्ताने जाहीर केलं. माझा भाऊ म्हणाला, "वेड लागलंय का दोघींना?" वहिनी म्हणाली, "पराठे देऊ का?" डॉक्टरांनी दमली की बसायचं एवढीच अट घातली. मग काय, जानेवारीतला एक साधा मंगळवार धरला आणि चिंचवडहून सकाळीच निघालो.

तुम्हीही शक्यतो आठवड्याच्या मधलाच वार धरा. रविवारी लोहगडावर दगडापेक्षा माणसं जास्त असतात. आम्ही जुन्या हायवेने गेलो. सोमाटण्याला चहा घेतला, पुढे कार्ला फाट्याच्या अलीकडे मळवलीकडे वळलो. भाजे गावापासून वरचा रस्ता चांगलाच चढाचा आहे. माझी म्हातारी गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती आणि मुक्ता तिला धीर देत होती. लोहगडवाडीत पार्किंग आणि गडाचं तिकीट असा किरकोळच खर्च आहे.

इथली एक पद्धत लक्षात ठेवा. वर जातानाच जेवण सांगून जायचं. पायऱ्यांजवळच्या एका टपरीतल्या मावशींनी मला समजावलं, "वळणावर मानूस उतरताना दिसलं की मी भाकर तव्यावर टाकते. गार भाकर कुनाला देत न्हाई." मग त्यांची नजर ब्रेसकडे गेली आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पोरगी हितंच बसंल न्हवं? तुमचं एकीचंच पिठलं-भाकर?"

"दोघींचं," मुक्ता म्हणाली. "आणि खुर्ची नको."

पायऱ्या दगडी आणि रुंद आहेत, हिवाळ्यात कोरड्या असतात. तरी काही पायऱ्या मुक्ताच्या गुडघ्याएवढ्या. ती डावा पाय वर ठेवायची, भिंतीला हात लावायची, मग उजवा ओढून घ्यायची. प्रत्येक दरवाजाशी आम्ही बसलो. माझे गुडघे तिच्यापेक्षा आधी बोलायला लागले, हेही नोंदवते. उतरणारी माणसं थांबून "शाब्बास, बाळ!" म्हणायची. दोनचारदा ती हसली. नंतर मला म्हणाली, "ह्यांना सांग ना, मला श्वास घ्यायचाय."

सगळ्यात वरच्या दरवाजाखाली सिनेमाची कृपा दिसली. 'सगुणा पॉइंट' म्हणून कुणीतरी पुठ्ठा लावलेला. पोरं-पोरी शेवटच्या पायऱ्या धावत चढत होती आणि खाली पालक मोबाइल धरून उभे. मुक्ता दिसताच त्यांना जणू खरी सगुणाच मिळाली. "पळ, बेटा, पळ! आम्ही शूट करतो!" एका बाईंनी तर डोळे पुसत टाळ्याही सुरू केल्या. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुक्ता त्या पायऱ्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसमोर, फतकल मारून बसली. शांतपणे ब्रेसचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

"सगुणा पळाली नव्हती," ती म्हणाली. "पुस्तक वाचा."

टाळ्या थांबल्या. एक काका पुटपुटले, "अगं, आम्ही तर कौतुक करत होतो." तिने पराठा काढून खाल्ला, अख्खा. मोबाइल एकेक करून खाली गेले. मग ती उठली आणि पाय ओढत दरवाजातून आत गेली. मी मागे चालत होते आणि मला रडू येत होतं. का येत होतं ते विचारू नका.

वरून पवनेचं पाणी दिसतं, समोर विसापूर. विंचूकाटा, म्हणजे गडाची ती लांब निमुळती सोंड, दुरूनच पाहिली. "पाय दुखतोय, बास," असं ती स्वतःच म्हणाली.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. टपरीशी पोचलो तर मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुजी लाल टोपी वळणावर दिसली, टाकली भाकर. पर तुजा पत्ताच न्हाई! करपली की. कुत्र्याला घातली."

"सॉरी, मावशी."

"सॉरी कशाला? माजाच अंदाज चुकला. बस, दुसरी टाकते. तू लय हळू उतरतीस बाई."

दिवसभरात तिच्या पायाबद्दल इतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं. मुक्ता खदखदून हसली आणि दोन भाकरी, पिठलं, ठेचा असं सगळं संपवून बसली. येताना लोणावळ्याला वळून चिक्की घेतली आणि परतीला ती गाडीत घोरत होती.

घरी भावाने दार उघडलं. सोफ्यावर बसवून त्याने तिचा ब्रेस काढला, पट्ट्याचे वळ पाहिले, फोड पाहिले. माझ्याकडे रागाने बघितलं. मग तिचा पाय मांडीवर घेऊन हळूहळू तेल चोळायला लागला. "एवढा गड चढलीस," तो म्हणाला. "बघ, एक दिवस हा पाय नक्की बरा होईल."

मुक्ताने डोळे अर्धवट उघडले.

"बाबा, गडावर हाच आला होता."

भावाचा हात क्षणभर थांबला. मग तो पुन्हा तेल चोळायला लागला.