शाईचे बोट आणि बिडीची पत्ती

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण डोळे मिटले की अजूनही समोर येते ती बालाघाट शहरातल्या एका वस्तीतली ओस पडलेली शाळा, मतदानाच्या दिवशीची. साठच्या दशकातली गोष्ट. मी त्या शहराचा ठाणेदार होतो. नाव कुणाचेच घेणार नाही.

निवडणुकीआधी कोणता मोहल्ला कुणाकडे झुकतो याचा अंदाज ठाण्याने वर कळवायचा, असा रिवाज होता. पानठेला, न्हाव्याची खुर्ची आणि दोन खबरी एवढ्या भांडवलावर आम्ही तो लिहीत असू. या वस्तीबद्दल मी बेधडक लिहिले होते की बिडी कारखान्याचा मालक ज्या उमेदवाराच्या पाठीशी आहे त्याला इथे थारा नाही, आणि मतदान भरपूर होणार. निम्मी घरे दीक्षा घेतलेल्या बौद्धांची, बाकीची रामपायली, हट्टा या गावांकडून पोटासाठी आलेली. घरोघर बायका बिड्या वळत. मत टाकायला मात्र सगळ्या सणासारख्या निघत.

त्या दिवशी दुपार झाली तरी शाळेत चिटपाखरू नव्हते. बंदोबस्तावरचा हवालदार सायकल हाणत ठाण्यात आला.

"साहेब, पेटीपाशी मास्तर लोक पेंगून राह्यले. बाया घरीच बसून हायेत."

मी त्याला घेऊन पायीच निघालो. जीप गेली की दारे लागतात, हे मला ठाऊक होते. ओसरीओसरीवर बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. "काहून नाही गेल्या मत टाकायला?" असे विचारले की एकच उत्तर यायचे, काम आहे. पण दारादारांत दोरीवर स्वच्छ लुगडी घडी घालून टाकलेली होती. कामाचाच दिवस होता तर ठेवणीतले लुगडे बाहेर कशाला काढतील? माणूस खोटे बोलतो, त्याचे घर खोटे बोलत नाही. पोलिसाने आधी घराकडे पाहावे.

एका विधवेच्या दोरीवर पांढरे शुभ्र लुगडे होते. पदरी दोन मुली आणि कमाई तेवढी बिड्यांची. मी ओसरीच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "बाई, लुगडं तर काढून ठेवलंत. मग अडवलं कोणी?"

तिने हातातली बिडी पुरी केली, दोरा बांधला, मग बोलली. "मले जायाचंच व्हतं, साहेब. काल पत्ती देतानी सट्टेदारानं सांगतलं, ज्याच्या बोटाले निशान त्याची बिडी छाट. शाई वल्ल्या पत्तीले लागते म्हने. म्या मत टाकलं आन् पोरी उपाशी झोपल्या, तं कोनाले सांगू?"

कारखान्याची तेंदूची पत्ती आणि तंबाखू घरोघर वाटून तयार बिड्या गोळा करणारा मध्यस्थ, त्याला तिकडे सट्टेदार म्हणत. नापसंत बिडी तो छाटणार आणि तिची मजुरी बुडणार. ओल्या पत्तीला हळदीचा हात लागला तरी बिडी छाटली जाते, हे प्रत्येकीने भोगले होते. त्यामुळे शाईची गोष्ट कुणाला खोटी वाटली नाही. लबाडाने थाप मारली होती, पण कामातले मर्म ओळखून मारली होती.

सट्टेदार आपल्या पडवीत बिड्या तपासत बसला होता. उठून नमस्कार केला, चहा मागवला. "हम क्यों रोकेंगे, साहब? बाया आळशी हायेत," म्हणाला. त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"काय झालं?"

"अडकित्ता लागला जी."

निवडणुकीत धाक घालणे हा गुन्हा खरा, पण अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय मला तपास करता येत नव्हता, आणि हुकूम येईपर्यंत पेट्या बंद झाल्या असत्या. मात्र जखमी माणसाची विचारपूस करायला कुणाचा हुकूम लागत नाही. "रक्त दिसत नाही," मी म्हणालो. "चला, सरकारी दवाखान्यात नीट पट्टी बांधून घेऊ. डॉक्टर जखम लिहून देतील." दवाखान्याचे नाव घेतले की खोटी जखम लवकर बरी होते.

चिंधी सुटली. खाली ताजी शाई होती. गड्याने सकाळीच पहिले मत टाकले होते आणि त्याच बोटाने अर्धा दिवस बिड्या निवडल्या होत्या.

त्याला घेऊन वस्तीत आलो. बायका गोळा झाल्या. त्या विधवेने एक ओली पत्ती उचलून त्याच्या बोटावर खसाखसा घासली आणि उन्हात धरली. डाग नव्हता.

"लागली काय शाई?" तिने विचारले. सट्टेदार चिंधी पुन्हा बोटाला गुंडाळू लागला.

मला वाटले, झाले काम. पण कुणी हलेना. ती बाई माझ्याकडे वळली. "आज तुमी हाय, साहेब. उद्या पत्ती कोन देईन?"

खरे सांगतो, याचे उत्तर माझ्या कायद्यात नव्हते. ते तिनेच शोधले. बायांकडे पाहून म्हणाली, "येकीची बिडी छाटीन तो. सगळ्याईची छाटून कारखान्याले काय देईन? उद्या कोनी येकली जाऊ नोका."

ती आत गेली आणि पांढरे लुगडे नेसून बाहेर आली. मागोमाग दोऱ्या रिकाम्या झाल्या. शाळेसमोरची रांग पार हापशीपर्यंत गेली, आणि पेंगणारे मास्तर जे जागे झाले ते शेवटपर्यंत.

दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम सट्टेदाराच्या घरावरून गेलो. साऱ्या जणी एकत्र बसल्या होत्या, शाईची बोटे वर ठेवून. तो मुकाट्याने बिड्या मोजून घेत होता. मला फार आनंद झाला.

जिल्ह्याच्या पोलीस कप्तान साहेबांनी विचारले, वस्ती अखेर कुणाकडे झुकली? माझा अंदाज बरोबर निघाला असेल अशी माझी खात्री होती, तरी खातरजमा करावी म्हणून पुढे एकदा त्या बाईला गमतीने विचारले, "मत कुणाला दिलं हो?"

"साहेब," ती हसली, "बोट दाखवलं ना तुमाले. आता काय मनबी दाखवू?"

त्यानंतर मोहल्ल्यांचा झुकाव वर कळवायची वेळ आली की मी एवढेच लिहीत असे, की रस्ता मोकळा ठेवला तर लोक येतील. कुणाकडे झुकतील, हे विचारणे पोलिसाचे काम नाही.