तिने उभा केलेला पावागड

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वासणा रोडवरच्या एका लहानशा कंपनीत मी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे. कागदी नकाशावर समान उंचीच्या वेटोळ्या रेषा असतात, त्यांना आम्ही कंटूर म्हणायचो. एकेक कंटूर गिरवायचा आणि त्याची उंची टाइप करायची. आमच्या शहराजवळच्या पावागडाचे सगळे कंटूर मी गिरवले. मान आखडली, डोळे चुरचुरले. मग ती फाइल शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे गेली आणि तिने त्यातून स्क्रीनवर आख्खा डोंगर उभा केला.

ती माझ्याच वयाची, मराठीच. तिचे पणजोबा इथल्या संस्थानात कारभारी, माझे तिथल्याच पागेत. तिला इंग्रजी मॅन्युअल भराभर वाचता यायचं, म्हणून नवं सॉफ्टवेअर तिला मिळालं. हे मला पटत होतं आणि तरी सहन होत नव्हतं.

एकदा रिक्षा बंद होत्या म्हणून बाबा स्कूटर घेऊन मला न्यायला आले. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात वर्षं काढून त्यांना दम लागायला लागला होता. पूर्वी दर नवरात्रात देवीच्या दर्शनाला पावागड पायी चढणारा माणूस. आता जाणंच सोडलं होतं, कारण रोपवेत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"काका, बसा ना. पावागड बघायचाय?" तिने विचारलं.

तिने माउस फिरवला. स्क्रीनवर डोंगर वळला आणि आपण जणू उडत माचीवरून माथ्याकडे निघालो. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले.

"इथे मी पाणी प्यायला थांबायचो," ते बोट दाखवत म्हणाले. "बेटा, परत एकदा ने ना वर."

तिने नेलं. परत नेलं.

"यातले कंटूर मी केलेत, बाबा," मी म्हणाले.

"हो का? छान." डोळे स्क्रीनवरच.

हरणीला घरी पोहोचेपर्यंत स्कूटरवर त्यांचं एकच चालू होतं, "काय हुशार पोरगी आहे!"

पुढे तिला बंगलोरला नोकरी लागली आणि तिचं टेबल मला मिळालं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते मॅन्युअल वाचून काढलं. एका रविवारी मुद्दाम बाबांना ऑफिसात नेलं आणि माझा पावागड दाखवला.

ते स्क्रीनजवळ वाकले. "तिचा उंच होता गं."

"तिने उंची दुप्पट ताणली होती. उठून दिसावं म्हणून करतात तसं. हा खऱ्या मापाचा आहे."

"असेल. पण चढताना तो तिने दाखवला तसाच वाटतो."

मी उंची दुप्पट केली. डोंगर वर आला.

"हां, हा आपला पावागड," बाबा खुलले. मलाही बरं वाटलं, पण पुरतं नाही.

त्या दिवाळीत तिचा फोन आला. माझ्यासाठीच होता, पण उचलला बाबांनी. "काय बेटा, तिकडे डोंगर आहेत का?" इथून जे सुरू झाले ते थांबेचनात. मी चकलीचं ताट हातात घेऊन बाजूला उभी. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे आला.

"तुझे बाबा किती गोड आहेत गं!" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "माझे आहेत."