सरांची सुई

दुखणं दुसऱ्याचं असलं की किस्से भराभर जमतात. जयनगरच्या आमच्या स्कॅन सेंटरमधले माझ्याकडे इतके साठलेत, की मित्र जेवायला बोलावून विचारतात, "आज देशपांडे सरांचं काय?" ते हसतात. माझं डोकं फिरतं.

मेंदू साखर किती वापरतो हे स्कॅनवरून मोजायचं, तर स्कॅनसाठी टोचलेलं औषध रक्तात किती आहे ते कळायला हवं. जुनी रीत म्हणजे मनगटाच्या धमनीत सुई ठेवून सारखं रक्त काढायचं. दुखतं, चांगलंच दुखतं. नवी रीत म्हणजे मानेतली धमनी स्कॅनमध्ये दिसतेच, आकडा तिथूनच काढायचा. आम्ही दोन्ही करून ताडून पाहतो आणि आकडे जुळतात. तरी आमचे प्रमुख देशपांडे सर म्हणतात, "सुई ती सुई. पेशंटनं थोडं सोसावं."

*

बेळगावकडच्या शांताक्का फिट्सच्या नव्या औषधाच्या अभ्यासात आहेत. पहिल्या स्कॅननंतर त्यांचं मनगट काळंनिळं झालं, कणीक मळता येईना. दुसऱ्या वेळी मी माइकवरून कानडीत, ठीक आहे ना, असं विचारलं, "सरी ना, अक्का?" त्यांनी इथल्या कानडी रीतीप्रमाणे होकाराची झकास मान डोलावली. मानेतली धमनी जागची सरकली आणि आकडा बिघडला.

"बघ," सर म्हणाले, "तुझी मेथडच कच्ची."

*

पुढच्या पेशंटचा सुईचा आकडा असा आला, की त्या हिशेबानं माणूस जिवंतच नसावा. रक्त मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ स्कॅनरच्या मागे पडलं होतं. ते लावायचं काम सरांचं.

"ह्यूमन एरर," सर म्हणाले. मान हलली तर मेथड कच्ची, घड्याळ चुकलं तर होतं असं कधीकधी. वा रे न्याय.

*

शांताक्कांचा तिसरा स्कॅन तरी सुईशिवाय करू, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले.

"अजून थोडे पेशंट होऊ देत."

"मनगटं कोणाची, सर?"

"चहा घे," सर म्हणाले.

*

परवा सर स्वतःच्या आईला घेऊन आले. त्या हल्ली विसरतात. मोजमाप तेच, म्हणून मी ट्रे लावला. सरांनी सुई उचलून बाजूला ठेवली.

"आईला नको. मानेवरून काढ."

"पण मेथड कच्ची आहे ना, सर?"

"वाद घालू नकोस."

आजी हसतमुखानं बाहेर गेल्या. पुढचा नंबर शांताक्कांचा. सर हातमोजे चढवू लागले. अक्कांनी आपणहून बाही वर सारली आणि मला हळूच विचारलं, "त्या आज्जी लई म्हाताऱ्या की ओ. त्यास्नी लई दुखलं काय?"