नव्या दाताची निगा

मुंबईला काकांकडे राहून वडील जबड्याच्या हाडात स्क्रू घातलेला दात बसवून आले. असा दात तेव्हा रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. मास्तरच ते! भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या अनोळखी माणसांनाही ओठ वर करून दाखवत.

वर्षभरात त्या दाताभोवतीची हिरडी लालबुंद होऊन सुजली. आई आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हिरडीच्या कडेला बारीक सळई हलकेच टेकवली, तर रक्त आलं. एक्स-रेत मात्र हाड शाबूत होतं.

"मास्तर, दात घासताना इथून रक्त येतं?"

"छे, कधीच नाही."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. मला राहवेना. "येईल कसं? तेवढा एक दात सोडून बाकीचे घासतात!"

"तू गप बस गो!" वडील उसळले. "खोटा दात किडतो कुठे? उगाच घासून चकाकी घालवायची?"

"दात खोटा असला तरी हिरडी खरी आहे," डॉक्टर हसले. "रोज घासा, सूज उतरेल."

"यांना सांगून उपयोग नाही," आई म्हणाली. "दिरांनी दिलेली खुर्ची अजून प्लास्टिकात आहे. पाहुण्यांना हे सतरंजी घालतात."

त्याच संध्याकाळी वडिलांनी खास त्या दातासाठी भारीतला ब्रश आणला. आठवड्यानं मी कपाट उघडलं, तर कोऱ्या धोतरांच्या घडीत तो पाकिटासकट जपून ठेवलेला होता.