सर आले की हिमालय गायब

चहा येईपर्यंत ऐकून घ्या, नाहीतर कुणीतरी दुसरा मीठमसाला लावून सांगेल. माझी फजिती मी स्वतः सांगितलेली बरी, निदान त्यात मी जरा बरा तरी दिसेन. बघू, जमतंय का.

तर मी कॉम्प्युटरवाला. व्हिजिटिंग कार्डावर 'नेटवर्क सल्लागार' असं छापलंय, पण बायको सोडून ते कुणी पूर्ण वाचलेलं नाही. राहतो बदलापूर पूर्वेला, शिरगावात. गिऱ्हाइकं अंबरनाथ-उल्हासनगरकडची. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे आनंदनगर एमआयडीसीतली एक छपाईच्या शाईची कंपनी. मालक उल्हासनगर कॅम्प दोनचे सिंधी गृहस्थ, त्यांना सगळे नुसतं 'सेठ' म्हणतात.

ऑफिसातली सगळी मशिनं विंडोजची. लॅबच्या फाईली ठेवायला मात्र मी लिनक्सचा सर्वर बसवून दिला होता. का? एक तर तो सहसा बंद पडत नाही. आणि दुसरं म्हणजे तो माझ्याशिवाय तिथे कुणालाच कळत नाही. सल्लागारीच्या धंद्यात हे दुसरं कारण खरं असतं, पहिलं कोटेशनमध्ये लिहायचं असतं.

सर्वरला नाव दिलं हिमालय. अढळ, भव्य वगैरे. विंडोजच्या मशिनवर कुणी 'हिमालय' टाइप केलं की नेटवर्कवर हाक जायची, हिमालय कोण? तो म्हणायचा, मी. की लगेच त्याच्यावरच्या फाईली उघडायच्या. शाळेतली हजेरीच म्हणा ना.

तर या हिमालयाने मध्यंतरी नाटकं सुरू केली. मी तिथला प्रिंटर बघून गेटबाहेर पडलो तोच लॅबच्या सावंत मॅडमचा फोन आला, की सकाळपासून फोल्डर उघडतंय पण हल्लीच्या फाईली दिसत नाहीत, नुसत्या जुन्या दिसतात. आता ही सावंत मॅडम म्हणजे शांत बाई. बोलणार मोजकं, काम चोख. सेठ त्यांना पुढच्या महिन्यापासून लॅबची इनचार्ज करणार होते, तसं सगळ्यांसमोर बोलूनही झालं होतं. मी म्हटलं, घाबरू नका, येतो आणि बघतो. आलो, तर मी यायच्या आधीच सगळं ठीक झालेलं. मी चहा घेतला, बिस्किट खाल्लं, लॅपटॉप उघडला, आणि दहा मिनिटांत अकाउंटवाला ओरडला, की गेल्या फाईली.

मी हिमालयला हाक मारून पाहिली. लॅपटॉपवरून एक छोटी आज्ञा देता येते, तिचा अर्थ एवढाच की बाबा आहेस का. उत्तर कसलं चुटकीसरशी आलं म्हणता! मी स्क्रीन सगळ्यांना फिरवून दाखवली. म्हटलं, बघा, सर्वर ठणठणीत आहे, एवढ्या वेगाने तर सख्खा भाऊ उत्तर देत नाही. दोष तुमच्या मशिनांचा. मग मी प्रत्येक विंडोजचं मशिन बंद करून चालू केलं, वायरी उपसल्या, खोचल्या, नेटवर्कचा डबा बदलायला लावला. काही फरक नाही. संध्याकाळी कंटाळून घरी निघालो, कल्याण-बदलापूर रोडला लागतोय तोवर मॅडमचा फोन, की सर, आल्या फाईली.

असं एकदा झालं तर योगायोग. पण पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मी आलो की जातं, मी गेलो की येतं. पॅकिंगमधल्या बायकांनी तर निदान करूनच टाकलं. म्हणे सरांचा पायगुण.

ऐकलंत ना? इथे मी इंजिनिअर, तिथे आयपी अॅड्रेस, आणि मध्ये पायगुण. मी कुत्सित हसलो. म्हटलं, ताई, लिंबू-मिरची सर्वरला बांधू की मला? त्या म्हणाल्या, तुम्हाला बांधा, सर्वर बिचारा चांगला आहे.

सेठच्या कानावर गेलं. सेठ बिझनेसमन माणूस, त्यांचा कशावरही विश्वास नाही आणि कशावर अविश्वासही नाही. त्यांनी मला सांगितलं, साईं, जरा बाहर टपरीपे चाय पी के आओ. मी बॅग खांद्याला अडकवून गेटबाहेर गेलो. बॅग मी कधी कुठे सोडत नाही, धंद्याचं हत्यार आहे ते. कटिंग मारून होईपर्यंत वॉचमन सांगायला आला, की आत सगळं चालू झालं. मी आत आलो. पुन्हा बंद. सगळा स्टाफ माझ्या पायांकडे बघत होता. मी नवे सँडल घातले होते, तेही मला वाईट दिसायला लागले.

खरं म्हणजे याच क्षणी कुठल्याही शहाण्या माणसाने विचार केला असता, की अरे, मी येतो तेव्हा माझ्याबरोबर आणखी काय येतं? पण मी शहाणा नव्हतो, मी सल्लागार होतो.

आता खरी गंमत. एका मंगळवारी मी दिवसभर कंपनीतच होतो. त्याच दिवशी सावंत मॅडमनी पुण्याच्या एका बड्या गिऱ्हाइकाच्या मालाचे टेस्ट रिपोर्ट बनवले आणि हिमालयवर सेव्ह केले. बुधवारी सकाळी बघतात तर रिपोर्ट नाहीत. जुन्या, नव्या, सगळ्या फाईली जागेवर, फक्त मंगळवारचे ते रिपोर्ट गायब. माल आधीच ट्रकमधून गेलेला, आणि सोमवारी त्या गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला येणार. नव्याने टेस्ट करायच्या तर सोमवारपर्यंत होणं शक्य नाही.

मॅडमनी मला फोन केला. आवाज पार पडलेला. आणि मी काय केलं माहितेय? मी धीर द्यायच्या ऐवजी हसलो. म्हटलं, मॅडम, कॉम्प्युटर असं मनाने काही खात नाही. तुम्ही सेव्ह केलंच नसेल. होतं असं, घरी जायची घाई असते, मुलांचा अभ्यास असतो. वरून सेठलाही तेच कळवलं, तेही लेखी. 'यूजरची चूक' असे शब्द वापरले. ते आठवलं की आजही मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सेठ भडकले. त्यांनी मॅडमना सांगितलं, की सोमवारी रिपोर्ट नसले तर इनचार्ज वगैरे विसरा, आणि वॉर्निंगचं पत्र घ्या. मॅडम म्हणाल्या, मी सेव्ह केलं होतं. बस, एवढंच. दुसरा शब्द नाही.

मला मात्र जोर चढला. म्हटलं उद्याच येतो, सर्वर उघडून सिद्धच करतो. तर सेठ फोनवर म्हणाले, "राणे साहब, बुरा मत मानना. सोमवारपर्यंत तुम्ही कंपनीत पाऊल टाकू नका. जे काय करायचं ते घरून करा."

म्हणजे पायगुणासाठी मला तडीपार केलं. या काळात! मी बायकोला, मेघनाला, तावातावाने सांगितलं, की लोक चंद्रावर चाललेत आणि या माणसाला माझे पाय खुपतायत. ती भाजी निवडत म्हणाली, मग घरूनच करून दाखव ना. माझा स्वाभिमान पेटायला तेवढं पुरलं.

घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय मी करून ठेवली होती. शुक्रवारी सकाळी आंघोळ वगैरे करून बसलो. लॅपटॉप चालू केला, आणि ती जोडणी करायच्या आधीच सवयीने हात गेला आणि 'हिमालय' टाइप करून बसलो.

उघडलं की हो!

बदलापुरात, माझ्या डायनिंग टेबलावर, हिमालय खाडकन उघडला. मला वाटलं, जोडणी आपोआप झाली, काय सेटिंग करून ठेवलंय मी, वा. आणि आत बघतो तर काय, मंगळवारच्या तारखेचे रिपोर्ट. सावंत मॅडमनी केलेले. तिन्हीच्या तिन्ही, व्यवस्थित.

मी उडालोच. मेघनाला हाक मारली, म्हटलं ये, बघ, पायगुण म्हणतात तो हा. तिने येऊन पाहिलं आणि कोथिंबीर संपलीय एवढं सांगून गेली. ज्ञानाची कदर नाही घरात. मी तडक सेठना फोन लावला, त्यात सावंत मॅडमनाही जोडून घेतलं. साक्षीदार हवेत ना अशा वेळी.

आणि मग मी भाषण दिलं. म्हटलं, सेठ, सर्वर एकदम ओके. मी इथून बदलापुरातून उघडलाय, एका सेकंदात. रिपोर्टही आहेत. म्हणजे दोष ना सर्वरचा, ना नेटवर्कचा, ना माझ्या पायांचा. तुमच्या ऑफिसातल्या लोकांना फाईल शोधता येत नाही, एवढाच याचा अर्थ. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण समोर असलेली फाईल दिसत नसेल तर इनचार्ज होऊन पुढे कसं निभावणार? हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं. सेठ पलीकडून 'हां, हां' करत होते. मी अगदी रंगात आलो होतो, म्हटलं आत्ता इथून प्रिंट मारू का, बोला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, तुम्ही आत्ता हिमालय बघताय?"

म्हटलं, डोळ्यांसमोर आहे.

"मी लॅबमध्येच आहे सर. रिपोर्टची कच्ची कागदं शोधायला आलेय. आज शुक्रवार आहे. एमआयडीसीत लाइट नाही. हिमालय इथे माझ्यासमोर बंद पडलाय."

आमच्याकडे शुक्रवार म्हणजे कंपन्यांचा सुट्टीचा दिवस, त्या दिवशी लाइनच्या दुरुस्तीसाठी वीजही जाते, हे इथल्या पोराटोरांना माहीत. मलाही माहीत. मी दर शुक्रवारी घरी लोळतो तो काय उगाच?

पलीकडे कॅम्प दोनच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होता. मी लॅपटॉपकडे बघितलं. लॅपटॉप बिचारा हिमालय उघडून बसला होता.

आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते सांगतो. सांगितलं नाही कारण माझ्या स्वतःच्याच डोक्यातून ते गेलं होतं. काही आठवड्यांपूर्वी मी घरी प्रयोग करायला म्हणून आख्ख्या हिमालयची हुबेहूब नक्कल माझ्या लॅपटॉपच्या पोटात बसवली होती. फोल्डर तीच, फाईली त्या दिवसापर्यंतच्या, आणि नाव? नावही तेच. बदलायचं राहून गेलं. लॅपटॉप चालू झाला की ती नक्कलही आपोआप चालू व्हायची. झाकण लावून बॅगेत घातला तरी माझा लॅपटॉप झोपत नाही, तशी सेटिंगही माझीच.

म्हणजे मी कंपनीत पाऊल टाकलं की लॅपटॉप वायफायला चिकटायचा. विंडोजची मशिनं विचारायची, हिमालय कोण? आणि खरा लिनक्सवाला तोंड उघडायच्या आत माझी बॅग म्हणायची, मी. मग सगळी कंपनी माझ्या बॅगेतल्या जुन्या फाईली बघत बसायची. मी 'आहेस का' विचारल्यावर चुटकीसरशी उत्तर येत होतं, कारण ते माझ्याच मांडीवरून येत होतं. आणि मंगळवारी मॅडमनी रिपोर्ट सेव्ह केले ते अगदी नीट सेव्ह झाले. माझ्या बॅगेत. संध्याकाळी मी ते खांद्याला लावून बदलापूरला घेऊन आलो आणि बुधवारी त्याच बाईला फोनवर अक्कल शिकवली.

"राणे साहब?" सेठ म्हणाले. "हॅलो? लाइनपे हो?"

माझ्या मनात आलं, नेटवर्क नाही म्हणून फोन कापून टाकावा. खोटं कशाला बोलू, अंगठा लाल बटणापर्यंत गेलाही होता. पण मग मॅडम त्या अंधाऱ्या लॅबमध्ये कच्ची कागदं चाळत बसल्या असतील ते डोळ्यांसमोर आलं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, मॅडमनी सेव्ह केलं होतं. फाईली माझ्याकडे आहेत. चूक माझी आहे. सेठ एवढंच म्हणाले, की शनिवारी येऊन हेच सगळ्यांसमोर सांगा.

सांगितलं. पॅकिंगमधल्या बायका मुद्दाम काम थांबवून ऐकायला आल्या होत्या. रिपोर्ट खऱ्या हिमालयवर गेले, नकलेचं नाव बदललं, सोमवारचं ऑडिट सुरळीत पार पडलं, आणि सावंत मॅडम ठरल्याप्रमाणे लॅबच्या इनचार्ज झाल्या.

इनचार्ज झाल्यावर त्यांनी पहिला नियम काढला तो माझ्यासाठी. मी लॅबच्या दारात पोचलो की बॅग उघडायची, लॅपटॉप बाहेर काढायचा, पूर्ण बंद आहे हे त्यांना दाखवायचं, मगच आत जायचं. परवा पुण्याच्या गिऱ्हाइकाची माणसं सरळ चालत आत गेली, आणि मी आपला दारात झिप उघडून उभा. मला जरा लागलं. म्हटलं, मॅडम, बाहेरच्यांना कुणी विचारत नाही, मी एवढ्या वर्षांचा घरचा माणूस, तपासणी फक्त माझीच?

मॅडम लॅपटॉपचं बटण दाबून बघत म्हणाल्या, "ते लोक इथून जाताना काही घेऊन जात नाहीत, सर."